दौऱ्यावर आहात? आधी चार वाजताची सोय बघा

मी बियाण्यांच्या कंपनीत विक्रीला आहे. घर लातूरला, आणि महिन्यातल्या १५-१६ रात्री नांदेड, परभणी, हिंगोली, यवतमाळच्या लॉजवर. १९ वर्षं हेच चाललंय. त्यातली पहिली १६ वर्षं आपण काय खातो याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, सकाळी पोह्याची एक प्लेट मारून निघालो. दिवसभरात सहा दुकानं केली, नऊ चहा झाले आणि रात्री साडेदहाला ढाब्यावर टेकलो. काजू करी, चार बटर रोट्या, वर जीरा राइस. रात्री दोनला छातीत जळजळ सुरू झाली ती पहाटेपर्यंत. पलंगावर नुसता बसून होतो. घरी येऊन तपासण्या केल्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती एचबीए१सी, ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह उंबरठ्यावर उभा आहे असं समजायचं.

डॉक्टरांनी ढाब्याचं नावही काढलं नाही. विचारलं, "दुपारी चारला काय खाता?"

"चहा."

"आणि?"

"अजून एक चहा."

ढाब्यावर आपण जे हाणतो ते दुपारच्या भुकेपायी. दौऱ्यावर दुपारचं जेवण हुकणारच, कारण दुकानात गिऱ्हाईक असतं, डीलर "बसा जरा" म्हणतो आणि तीन वाजतात. म्हणून चारची सोय बॅगेत पाहिजे. ती झाली की रात्री नऊला माणूस माणसासारखी ऑर्डर देतो.

माझ्या बॅगेत काय असतं ते सांगतो. फुटाणे, सालासकट, भट्टीवरून आणलेले. दोन मुठी म्हणजे ५०-६० ग्रॅम, त्यात १०-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि मोटारसायकल थांबवून उभ्याउभ्या खाता येतात. दुसरी वस्तू म्हणजे सोलापूरकडची कडक भाकरी. पापडासारखी वाळलेली, आठ-आठ दिवस काही होत नाही. ती नुसती खाल्ली तर टाळूला टोचते. किराणा दुकानातून दह्याचा छोटा डबा घ्या, स्टीलच्या डब्यात भाकरीचे तुकडे करा, वरून दही आणि चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. पाच मिनिटं झाकण लावून ठेवा. तुकडे कडेनं मऊ पडतात, मधे थोडे कुरकुरीत राहतात. नेमकं तेव्हाच खायचं. दहा मिनिटं थांबलात तर काला होतो, तोही वाईट नाही म्हणा.

पहिल्या दिवसाला घरचे धपाटे. ते पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले की वाफ धरते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी डबा उघडवत नाही. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ असतात. आपल्या आज्या गाडीवाटेनं प्रवासाला जाताना दशम्याच का बांधायच्या, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

आता चहा. टपरीच्या कपात चमचाभर साखर धरली तरी चार-पाच ग्रॅम होते. नऊ कपांचे झाले चाळीसच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ च्या आत ठेवा म्हणते, आणि आपण जेवणाआधीच तिथवर पोचलेलो असतो. "नको" म्हटलेलं डीलरला चालत नाही. "आत्ताच झाला" यावर कुणाचा विश्वास नाही. "अर्धाच" म्हटलं की कप काठोकाठ येतो. यावर माझा उपाय म्हणजे, "बिनसाखरेचा सांगा." टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, वेगळा करायचा म्हटलं की पोरगं तोंड वाकडं करतं आणि डीलर आपणच विषय सोडतो. "शुगर आहे का साहेब?" असं विचारतील. "नाही, येऊ द्यायची नाही," म्हणायचं. दिवसाला दोन चहा मात्र मी साखरेचे घेतो. ते सोडले तर धंदा सोडल्यासारखं वाटेल.

रात्री शक्यतो खानावळ शोधा. लातूर-सोलापूर भागात लिंगायत खानावळीची पाटी दिसली की मी निर्धास्त असतो. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ नाहीतर पिठलं, शेंगाचटणी, कांदा, ताक. मावशींना आत गेल्यागेल्या सांगायचं, "दोनच भाकरी, भात नको." जेवण अर्ध्यावर आल्यावर सांगितलं तर तोवर भात वाढून झालेला असतो.

ढाबाच नशिबी असेल तर "तेल कमी टाका" म्हणण्यात अर्थ नाही. ग्रेव्ही सकाळीच पातेल्यात होऊन बसलेली असते, तिच्यातलं तेल आचारी काढणार कसं? ज्याला ती ग्रेव्ही लागत नाही ते मागवा. डाळ फ्राय, वांग्याचं भरीत, अंडा भुर्जी. कराड-सांगलीकडे मीटिंगला गेलो तर अख्खा मसूर. तंदुरी रोटीत बऱ्याच ठिकाणी मैदा असतो, म्हणून आधी "भाकरी आहे का?" विचारायचं. नसेल तर तवा रोटी, बटर न लावता. पावसाळ्यात कापून ठेवलेल्या काकडी-कांद्याला हात लावत नाही. फळ खायचं तर आपल्या हातानं सोलायचं. नांदेडला असलो की अर्धापूरची केळी, जालन्याकडे मोसंबी.

सकाळचं लॉजवरच उरकतो. किटलीत तीन अंडी, ती बुडतील एवढं पाणी. उकळी आली की खटका आपोआप पडतो. झाकण न उघडता पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, अंडी पक्की होतात. अंडी न खाणाऱ्यांनी सकाळी बाटलीत मूग भिजत घालावेत, रात्री पाणी काढून धुतलेल्या ओल्या रुमालात बांधून खिडकीच्या कडीला लटकवावेत. सकाळी मोड दिसतात. कच्चे नका खाऊ, किटलीतलं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग लिंबू-मीठ. एकदा रूमची साफसफाई करणाऱ्या पोरानं ते गाठोडं काहीतरी करणी-बिरणी समजून मॅनेजरला बोलावून आणलं होतं. तेव्हापासून मी त्याला आधीच सांगून ठेवतो.

उपाय चालत नाही अशी एकच जागा आहे, डीलरचं घर. पूर्णेकडच्या एका घरी आमरसाच्या दिवसांत गेलो की वहिनी, "भाऊ, एवढ्यानं काय होतंय?" म्हणत वाटी भरतात. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप सोडतात. मी वाद घालत नाही. त्या रात्री लॉजवर नुसतं ताक, आणि फुटाण्याची पुडी न फोडता घरी परत.