जुन्या धक्क्याच्या आराखड्यावर सूचना कशी लिहायची

नदीकाठच्या जुन्या धक्क्याचं सुशोभीकरण होणार असं कळलं की गावात लगेच दोन बाजू पडतात. कुणी म्हणतं होऊ दे, कुणी म्हणतं होऊ देणार नाही. सरकारी फायलीत दोघांनाही मिळून एक ओळ मिळते: ‘काहींचा पाठिंबा, काहींचा विरोध’. मी गोव्यात, फोंड्याला नकाशे काढण्याचं काम करते. बेती असो, रायबंदर असो की आमच्या बाजूचं दुर्भाट, अशा काठांवर वाढलेल्या माणसांना जे ठाऊक असतं ते आराखडा काढणाऱ्याला कचेरीत बसून कळणं शक्य नाही. ते त्याच्यापर्यंत पोचवायचं असेल तर तुमच्या सूचनेवरून नकाशात बोट ठेवता आलं पाहिजे.

आधी नोटीस कुणाची ते बघा. पर्यावरण परवान्यासाठीची जनसुनावणी असेल तर ती 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर करतं. जमिनीचा झोन बदलायचा असेल तर नगरनियोजन खात्याची सूचना राजपत्रात येते. नगरनियोजन कायद्याच्या कलम 39-अ खाली हरकतींना 30 दिवस मिळतात. नुसता पर्यटनाचा आराखडा असेल तर कदाचित कुणी काही विचारणारच नाही. तेव्हा वाट बघत न बसता ग्रामसभेत विषय घ्या. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि ठराव वहीत कसा लिहिला ते सभा उठण्याआधी वाचून दाखवायला सांगा.

आता नकाशा. मोबाइलवर आलेली पीडीएफ बघून मत बनवू नका, छापून घ्या. छापताना कागद लहान झाला की ‘1:500’ हे लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, म्हणून खाली काढलेल्या मोजपट्टीवरूनच मोजा. उत्तर दिशा शोधा, सर्व्हे नंबर शोधा, त्या नंबरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याची सरकारी नोंद, काढा. जमीन सरकारची, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था) की कुणा खाजगी मालकाची, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मग भरतीरेषा. 2011 च्या किनारी अधिसूचनेत नदीकाठी बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची मर्यादा भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा नदीची रुंदी, यांतली जी कमी ती आहे. 2019 च्या अधिसूचनेत 100 च्या जागी 50 आले. आराखड्यात कोणती धरली आहे, हे लेखी विचारायलाच हवं.

यानंतर तो कागद घेऊन धक्क्यावर जा. नव्या भिंतीची रेघ जिथे आहे तिथे सुंभ ताणा आणि चार शेजाऱ्यांना उभं करा. कागदावर बोटभर दिसणारी भिंत नेमकी कुणाच्या होडीच्या वाटेत येते ते तिथेच कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदा जा आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, एकदा, कारण आराखड्यात पाणी नेहमी एकाच उंचीवर दाखवलेलं असतं. उधाणाचं पाणी कितव्या पायरीला लागलं त्याचा फोटो काढा, त्यावर तारीख-वेळ टाका. मानस (पाणी अडवणारं-सोडणारं दार) कुठे आहे, खाजनातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातलं, पाणी कुठून बाहेर पडतं, हे शेतकऱ्यालाच विचारा. फरसबंदीचा भराव त्या वाटेवर आला तर मागचं शेत बुडतं. तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका कुठून उतरतात, जाळं फेकून मासे पागणारे कुठे उभे राहतात, विसर्जनाची वाट कोणती, हे सगळं त्याच छापील नकाशावर लाल पेनाने लिहा. कुंभारजुव्याचा सांगोड, म्हणजे होड्या जोडून केलेल्या तराफ्यांवरचा गणपती-विसर्जनाचा उत्सव, किंवा साखळीच्या विठ्ठलापूरचा त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव आठवा. काठावर लोखंडी रेलिंग सलग लावलं तर असा उत्सव पाण्यात उतरणार कुठून?

जुन्या बांधकामाबद्दलही लिहाच. आपला चिरा, म्हणजे जांभा, मऊ आणि पाणी पिणारा दगड आहे. चुन्याचे सांधे ओल बाहेर सोडतात. तेच सांधे सिमेंटने भरले की खारी ओल चिऱ्यातून वाट काढते आणि चिरा झडू लागतो. म्हणून ‘वारसा जपा’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘डागडुजी चुन्यातच करावी, जुने चिरे क्रमांक घालून परत बसवावेत’ असं लिहा. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते, हेही नमूद करा.

सूचना अशी असावी: ‘पान 3 वर धक्क्याच्या दक्षिण टोकाच्या पायऱ्या काढून भिंत दाखवली आहे. या पायऱ्यांवरून सुकतीला बायका तिसऱ्या काढायला उतरतात आणि चतुर्थीला विसर्जन होतं. पायऱ्या आहेत तिथेच, आहेत त्याच रुंदीच्या ठेवाव्यात. फोटो व नकाशा सोबत.’ एका मुद्द्याला एक परिच्छेद पुरे. मराठीत लिहायला संकोचू नका, 1987 च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीला जागा दिली आहे. शंभर जणांनी एकाच छापील पत्रावर सह्या केल्या तर ते एक पत्र धरलं जाण्याची भीती असते. प्रत्येकाने आपल्या वापराबद्दल चार ओळी स्वतः लिहिणं मला जास्त मोलाचं वाटतं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. धक्का असल्याने एक प्रत बंदरांचा कारभार बघणाऱ्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याला द्या. मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले आहेत, तेव्हा तिथल्या काठांसाठी आणखी एक प्रत अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाला.

जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहाच माणसं आली तरी ती झाली असं धरतात. म्हणून जा. 2017 च्या एप्रिल-मेमध्ये वास्कोत बंदराच्या प्रकल्पांवरची सुनावणी कित्येक दिवस चालली, कारण लोक बोलायला येतच राहिले. आधी नाव आणि गाव सांगा, मग आपला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि लेखी प्रत लगेच व्यासपीठावर द्या. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. जेवणाची वेळ टळली तरी तोपर्यंत थांबा, आणि आपला मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे उठून सांगा.

मग महिनाभराने 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ‘आवक क्रमांक अमुक या माझ्या पत्रावरील टिपणी आणि सुधारित आराखड्याची प्रत द्यावी’ एवढंच लिहा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. नवा नकाशा हातात आला की तो आपल्या लाल पेनाच्या नकाशाशेजारी ठेवून एकेक पायरी ताडून बघा, आणि जे सुटलं असेल त्याचं दुसरं पत्र निविदा निघण्याआधी द्या.