थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना? या चुका टाळा

डिसेंबर लागला की पहाटे सहालाच माझा फोन वाजायला लागतो. "दादा, काल संध्याकाळी चांगला होता, आज नुसता गुरगुरतोय. ब्लोअर जोडून फवारणीला निघायचंय." निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येणं नवीन नाही, डिसेंबर २०१८ मध्ये तो २ च्याही खाली गेला होता. डिझेल गोठलं असेल, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. आपल्याकडं ते गोठत नाही. अडतं ते बॅटरीपाशी आणि चालवणाऱ्याच्या घाईपाशी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेल्फ मारत बसणं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. पहाटे गार लोखंड ती उष्णता खातं, ऑईल घट्ट झालेलं असतं, बॅटरीत जोर नसतो. इंजिन हळू फिरलं की हवा तापतच नाही, मग किल्ली कितीही धरून ठेवा. क्लच दाबा म्हणजे गिअरबॉक्सचं ओझं सुटेल. १० सेकंद सेल्फ मारा, सोडा, मिनिटभर थांबा. तेवढ्यात तंबाखू मळून होते.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका पोरानं याच घाईत बॅटरी पार बसवली. मग कुणाचं तरी ऐकून हवेचा पाइप काढला आणि डिझेलात भिजवलेला बोळा पेटवून तोंडाशी धरला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून सेल्फ मारला, तसा इंजिननं बोळाच आत ओढला. मी पोचलो तेव्हा जळक्या चिंध्या व्हॉल्व्हपर्यंत गेलेल्या. हेड खोलावं लागलं. मूळ दुखणं काय निघालं? बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथं चेसिसला आवळतात, तिथं गंज. पॉलिश पेपर घासून बोल्ट आवळला, काम दहा मिनिटांचं. बोळ्यावाल्यांशी मी आता वाद घालत नाही, हेड खोलायची मजुरी आधीच सांगतो. हवेच्या पाइपात इथरचा, म्हणजे चटकन पेट घेणारा स्प्रे मारणारेही त्याच जातकुळीतले. आत जाणारी हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात तो मारला तर भडका उडू शकतो.

म्हणून माझी सवय अशी: दिवाळी झाली की दोन्ही टर्मिनल काढायची, पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुवायचा, कोरडं करून आवळायचं, वरून व्हॅसलीन. अर्थिंगचं टोकही तेव्हाच घासायचं. चार्ज झालेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. १२.२ दिसली तर पहाटेची आशा सोडा, रात्रीच चार्जिंगला लावा.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडं बघायचं कुणाला सुचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. आधी इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढलेली राहिली नाही ना, ते बघा. हसू नका, त्यासाठी मी १४ किलोमीटर गेलोय. नंतर फिल्टरखालचं पाणी सोडा, अडकलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारा. फेस संपून सलग धार आली की आवळा.

डिझेलची टाकी रात्रीच भरा. अर्ध्या टाकीत दव धरतं.

आणि सुरू झाल्या झाल्या रेस देऊ नका, टर्बोवाला असेल तर मुळीच नाही. ऑईल वर चढेपर्यंत पाच मिनिटं हळू चालू द्या. तोवर ब्लोअरच्या टाकीत पाणी भरून घ्या.