५० हजारांचा गेमिंग पीसी घेताय? या चुका टाळा

मॉनिटर सोडून ५० हजारांच्या आसपास बजेट असेल, तर व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ आरामात आणि बहुतेक नवे गेम १०८०पी (फुल एचडी) वर मध्यम सेटिंगला खेळता येतील असा पीसी जुळवता येतो. तरीही या किमतीतले बरेच पीसी रडतखडत चालताना दिसतात. पैसे इंटेलच्या आय७ प्रोसेसरच्या स्टिकरवर, रंगीत पंख्यांवर आणि काचेच्या कॅबिनेटवर जातात; काटकसर होते ती ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि रॅमच्या जोडीत. उरलेल्या घोटाळ्याचं कारण म्हणजे घरी आणल्यावर न केलेली पाच मिनिटांची सेटिंग.

एक सूचना आधीच. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे भाव जोरात चढले. त्याआधीच्या कुठल्याही ‘बेस्ट बिल्ड’ यादीतले आकडे धरून दुकानात जाऊ नका. पार्ट्सची नावं घ्या, भाव त्या दिवशीचे विचारा.

‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या तयार ‘गेमिंग पीसी’ची जाहिरात बहुधा अशीच असते. किंमत १५ ते २० हजार, वर कीबोर्ड-माउस फुकट. यातला आय७ म्हणजे आय७-२६०० असू शकतो, २०११ सालचा. प्रोसेसरची पिढी नंतरच्या आकड्यात लपलेली असते: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. आय७-२६०० आणि आय३-१२१०० या दोघांनाही ४ कोर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, पण आय३ चा एकेक कोर जवळपास दुप्पट वेगाने काम करतो. शिवाय जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही (इंटेलची किमान आठवी पिढी लागते), आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पळवाट काढून विंडोज ११ टाकलंच, तर व्हॅलोरंट त्यावर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मदरबोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. या जुन्या बोर्डांवर त्या मिळत नाहीत.

‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे बहुतेकदा जीटी ७३०, तेही डीडीआर३ मेमरीवालं. २०१४ सालचं कार्ड. त्याला ४ जीबी मेमरी म्हणजे बैलगाडीला ट्रकची टाकी. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरच्या आत असलेलं ग्राफिक्सही त्याला सहज मागे टाकतं. पैसे खरोखरच कमी असतील तर ५६००जी घ्या, ग्राफिक्स कार्ड नंतर लावा. पण जीटी ७१०, जीटी ७३० आणि डीडीआर४ वाला जीटी १०३० या तिघांवर गेमिंगसाठी एक रुपयाही घालू नका.

बजेटची वाटणी

ग्राफिक्स कार्डाला एकूण बजेटच्या ३५ ते ४५ टक्के द्या. प्रोसेसर रायझन ५ ५६००, किंवा इंटेलकडे आय५-१२४००एफ. दोघांनाही ६ कोर, १२ थ्रेड आहेत. अगदीच ताण असेल तर आय३-१२१००एफ. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० लाही ते नाही. कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळीच राहील.

रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त मिळतो म्हणून दुकानदार पुढे करतात. त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि तो पीसीआयई (कार्डाचा बोर्डाशी जोड) ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो. फरक मोठा असेल तर घ्यायला हरकत नाही, मात्र पुढचा परिच्छेद वाचून.

आरएक्स ६५००एक्सटी आणि आरएक्स ६४०० ही कार्डं बोर्डाशी फक्त ४ लेनने (डेटाच्या मार्गिकांनी) बोलतात. पीसीआयई ४.० वर ते एक वेळ निभतं. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर, किंवा ५५०० आणि ५६००जी सारख्या प्रोसेसरसोबत, सगळं ३.० वर येतं आणि ती चिंचोळी वाट निम्मी होते. ४ जीबी मेमरी भरली की गेम दर काही सेकंदांनी अडकतो, आणि दोष प्रोसेसरला दिला जातो. या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर पडतो. त्यापेक्षा ८ जीबीचं आरएक्स ६६०० शोधा. ते ८ लेनचं आहे, जुन्या बोर्डावर त्याचं फारसं अडत नाही.

नावांचाही सापळा आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं आहेत: ८ जीबीवालं २५६० कोरचं, ६ जीबीवालं २३०४ कोरचं आणि कमी बँडविड्थचं (मेमरीचा वेग कमी असलेलं). ६ जीबीवाल्याचा एक खरा उपयोग आहे. ते ७० वॉटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड पीसीत ते बसवता येतं. नवा पीसी जुळवताना मात्र ‘३०५०च आहे ना’ म्हणून ८ जीबीच्या भावात ते गळ्यात मारून घेऊ नका.

वापरलेलं कार्ड

या बजेटमध्ये सर्वांत जास्त फायदा इथे आहे आणि सर्वांत जास्त फसवणूकही. ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे क्रिप्टो चलन कमावण्याचं काम, म्हणजे माइनिंग, १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. माइनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं समजण्याचं कारण नाही. चिपपेक्षा पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या) आधी झिजतात, आणि ते बदलता येतात. धोका आहे तो बदललेल्या बायोसचा (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा), तापवून दुरुस्त केलेल्या चिपचा आणि सरळसरळ नकली कार्डांचा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की कुणाच्या घरचा सौदा, कार्ड मशीनमध्ये लावून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५०टीआय वर नवा बायोस चढवून ‘१०५०टीआय’ म्हणून विकलेली कार्डं ते ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ असं लिहितं. आरएक्स ५८० घेत असाल तर ‘शेडर्स’चा रकाना बघा: २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते ५८० चं नाव लावलेलं ५७० च आहे. ५७० च्या भावात द्यायला तयार असतील तर घ्या.

मग २० मिनिटं लोड द्या. युनिजिन हेवन ही चाचणी चालेल. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटल्या की सौदा तिथेच सोडा. तापमान ८५ अंशांच्या वर चढून क्लॉक (चिपचा वेग) पडत असेल तर थर्मल पेस्ट आणि पॅडचा खर्च किमतीतून वजा करून मागा. पंख्याची करकर डोकं जवळ नेऊन ऐका. मूळ बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळवा. वॉरंटी उरली असेल तर तीच कामाला येते.

रॅम: किती यापेक्षा कशी

१६ जीबीची एक काडी आणि ८ जीबीच्या दोन यांत दोन काड्याच घ्या. एका काडीवर मेमरीचा रस्ता निम्मा राहतो. ग्राफिक्स कार्ड असताना त्याचा फटका किमान एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या सर्वांत कमी आकड्याला) बसतो, म्हणजे सरासरी बरी दिसते पण मारामारी सुरू झाली की झटका येतो. ५६००जी सारख्या प्रोसेसरवर तर ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, तिथे एक काडी लावणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. ‘नंतर दुसरी घाला’ हा सल्ला दुकानदाराच्या सोयीचा आहे.

रॅम महाग झाल्यापासून वापरलेली डीडीआर४ हा चांगला पर्याय आहे. रॅम सहसा खराब होत नाही. घेतल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा चालवा, एकही चूक निघाली तर परत करा. त्यामुळे ही अट सौद्याच्या वेळीच घाला.

एसएमपीएस

कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट एसएमपीएस फ्री’ मिळतो. त्याच्या बाजूच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात बघा. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, बाकी आकडा शोभेचा. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज करू नका, खालचा एकत्रित वॉटचा आकडा वाचा.

आता हिशोब. आरएक्स ६६०० साधारण १३२ वॉट घेतं, रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ च्या आसपास, बाकी सगळं मिळून ५० धरा. म्हणजे २६० वॉटच्या आत. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का), ५ वर्षं वॉरंटीचा ५५० वॉट एसएमपीएस पुढच्या कार्डालाही पुरेल. ७५० वॉटचा घेणं ही उलट दिशेची चूक; तेच पैसे कार्डात घाला.

कार्डासाठी ८ पिनची केबल नाही म्हणून साटाच्या (हार्ड डिस्कच्या) पॉवर केबलवरून कन्व्हर्टर लावून देणारे महाभाग आहेत. साटा जोड १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठी बनलेला असतो, ८ पिनवर कार्ड १५० पर्यंत ओढू शकतं. तो कनेक्टर वितळतो, कधी पेटतोही. याला कुठल्याही भावात होकार देऊ नका.

दुकानातून निघण्याआधी

बी४५० किंवा ए५२० मदरबोर्डचा जुना स्टॉक असेल तर रायझन ५००० साठी बोर्डाच्या बायोसचा अपडेट लागू शकतो. ए५२० बोर्ड ऑगस्ट २०२० मध्ये आले, प्रोसेसर त्यानंतर नोव्हेंबरमध्ये. अपडेट नसेल तर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. म्हणून पीसी दुकानातच सुरू करून बायोसमध्ये प्रोसेसर आणि रॅमचं नाव बघा. बिल जीएसटी क्रमांकासह, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसह घ्या. १८ टक्के वाचवायला कच्चं बिल घेतलं की तीन वर्षांची वॉरंटी दुकानदाराच्या मर्जीवर येते. आणि फुकट टाकून दिलेलं क्रॅक केलेलं विंडोज नाकारा. ॲक्टिव्हेट न केलेलं मूळ विंडोज गेम अडवत नाही. क्रॅक सोबत काय घेऊन येतं ते कळत नाही.

घरी आणल्यावर गडबड असेल तर

डिस्प्लेच नाही: केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावली आहे का बघा. ती खालच्या आडव्या पोर्टला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला लागते. ५६००जी वर ही चूक लपून राहते: चित्र येतं, गेम मात्र कार्ड सोडून आतल्या ग्राफिक्सवर रांगतो.

सगळंच जरा मंद: टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालत असते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नसतं. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तिथे आकडा निम्माच दिसतो. चार स्लॉट असतील तर काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एक्सएमपीनंतर पीसी उठलाच नाही, तर प्लग काढून बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही फरक जाणवत नाही: विंडोज त्याला ६० वरच चालवत असेल. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून आकडा बदला.

पंधरा मिनिटं छान, मग घसरण: हे तापमानाचं लक्षण. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून खेळा. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. खोली १० अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं, त्यामुळे जानेवारीत ठीक चाललेला पीसी नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हात टेकतो. कॅबिनेटचं झाकण काढून बघा. तापमान ८-१० अंश उतरलं तर दोष पुढच्या बंद काचेचा आहे. जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट घ्यायला हवं होतं. काहीच फरक पडला नाही तर कूलर उतरवा. कूलरखालचं संरक्षक प्लास्टिक तसंच राहिलेलं सापडतं, हे जितकं हास्यास्पद वाटतं तितकं दुर्मिळ नाही.

गेम सुरू असताना पीसी एकदम रीस्टार्ट: गेम बंद होऊन डेस्कटॉप आला तर ड्रायव्हर किंवा रॅमवर संशय घ्या, आधी एक्सएमपी बंद करून बघा. अख्खी मशीनच बंद पडत असेल तर एसएमपीएस. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधलं ‘कर्नल-पॉवर ४१’ फक्त मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झाली एवढंच सांगतं, का ते सांगत नाही. रीस्टार्ट वीज जाण्या-येण्याच्या वेळीच होत असेल तर यूपीएस तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, मॉनिटर-राउटरसह तो भरून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. नवा पार्ट आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.