जुन्या फॉन्टमधलं पुस्तक नव्याने छापायचं असेल तर

पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे आणि मजकूर श्रीलिपीसारख्या, युनिकोड (संगणकावरच्या अक्षरांचं आजचं प्रमाण) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये अडकलाय, हे मराठीत नेहमीचंच. त्यावर हमखास सल्ला मिळतो : कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) लावा आणि पानं लावायला घ्या. अजिबात घेऊ नका. रूपांतरातल्या चुका मागाहून दुरुस्त करताना लावलेल्या पानात दोन ओळी वाढल्या की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते आणि सूची असेल तर तीही नव्याने करावी लागते.

आकार आणि कागद आधी ठरवा. कथा-कादंबरीला डेमी (५.५ × ८.५ इंच) आणि ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा, किंचित पिवळसर 'नॅचरल शेड' कागद पुरतो.

आता रूपांतर. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलंय. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरांत अडखळतो. म्हणून 'आर्थिक', 'वर्षांनी', 'मूर्तींच्या' असे शब्द पहिल्यांदा तपासा.

खरा धोका 'ऱ्य'चा. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'आचाऱ्यांना बोलावलं' आणि 'आचार्यांना बोलावलं' यात तर अख्खा प्रसंग बदलतो. यासाठी 'र्य' शोधा. 'करणार्या', 'येणार्या' यांतलं 'णार्या' एका फटक्यात 'णाऱ्या' करून टाका. बाकीचे मात्र एकेक बघूनच बदला. सरसकट बदल केलात तर 'सूर्य', 'कार्य', 'आश्चर्य' सगळे बिघडतील. मग 'र्ह' शोधा : वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा दुरुस्त करा, 'गर्हणीय'ला हात लावू नका. शेवटी कोलन शोधा, कारण 'दुःख', 'स्वतः' यांतले विसर्ग बऱ्याचदा कोलन होऊन आलेले असतात.

एवढं झालं की मजकूर कागदावर काढा. एकाने जुनी छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नव्या प्रतीवर नजर ठेवायची. पडद्यावर केलेलं मुद्रितशोधन मी शोधन मानत नाही. डोळा ओळखीचा शब्द पुरा करून पुढे जातो.

पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' हा पर्याय निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्टमधले 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत. राज्य शासनाने २००९मध्येच प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आहे, तरी हिंदी वळणाची पुस्तकं अजून निघतात आणि मला ते खटकतं.

पानं १६च्या पटीत बसवा. मजकुराचा काळा रंग निव्वळ काळाच ठेवा. तो चार रंगांचा झाला तर बारीक अक्षरं पसरट छापली जाण्याची भीती असते. पुस्तकाच्या कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. प्रेसकडून त्याच कागदाचा, तितक्याच पानांचा कोरा डमी मागवा, मोजा आणि मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की करा.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. क्रमांक मोफत मिळतो, पण वेळ लागतो, तेव्हा अर्ज पानं लावायच्या आधीच टाका. मजकुरात भर घातली असेल तर जुना क्रमांक चालत नाही. आणि ग्रंथालयांना पुस्तकं देण्याविषयीच्या १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात.