छोटा ट्यूब ॲम्प घरी वापरताय? या चुका टाळा

काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा पाच वॅटचा ॲम्प घेताना बहुतेकांचा हिशेब ठरलेला असतो. पन्नास वॅटवाल्याच्या एक दशांश आवाज, म्हणजे घरात कुणाला त्रास नाही. हा हिशेबच चुकीचा आहे. पाच आणि पन्नास वॅटमध्ये फरक असतो तो फक्त १० डेसिबलचा, आणि कानाला तेवढा फरक साधारण दुप्पट वाटतो, दहापट नाही. त्यात गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम. एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज काढतात. बंद खोलीत पाच वॅट पूर्ण उघडले तर शेजारच्या खोलीतही कुणाला धड बोलता येणार नाही.

या ॲम्पचं आकारमान असंच सगळीकडे फसवतं. आत तीनशे व्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो, मोठ्या ॲम्पसारखाच आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबचा सिग्नल स्पीकरशी जुळवून देणारा) असतो आणि त्याच्या अटीही त्याच असतात. खेळणं समजून हाताळलं की चुका होतात.

स्पीकर न जोडता चालू करणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्पीकर काढला तर बहुधा काही बिघडत नाही. तिथे भीती असते शॉर्ट सर्किटची. ट्यूब ॲम्पचं बरोबर उलटं. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला स्पीकरचा भार लागतोच. तो नसताना तुम्ही गिटार वाजवलीत तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वेटोळ्यावर, दाब प्रचंड चढतो आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. नाहीतर ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. काही ॲम्पमध्ये मोकळा स्पीकर जॅक आपोआप शॉर्ट होतो, तेवढाच बचाव. पण त्याच्या भरवशावर राहू नका. क्रम लावून घ्या: आधी स्पीकर, मग मेन्स, शेवटी गिटार.

स्पीकर जॅकमध्ये हेडफोन लावायचा मोह अजिबात नको. तो जॅक हेडफोनसाठी नाही. हेडफोन जळेल, कानही दुखावतील आणि ॲम्पला हवा तो भारही मिळणार नाही. रात्री हेडफोनवरच वाजवायचं असेल तर स्पीकरऐवजी ॲम्पला भार देणारा, हेडफोनची सोय असलेला लोड बॉक्स घ्या.

वायरही बघून घ्या. गिटारची शिल्डेड केबल स्पीकरला लावली तरी आवाज येतो, म्हणून लोक तीच वापरत राहतात. तिच्यातली मधली तार बारीक असते, तापते, आणि तुटली की परत तोच प्रसंग: चालू ॲम्प, स्पीकर गायब. स्पीकरला स्पीकरचीच वायर हवी.

ओहमचं, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं, गणित सोपं आहे. ॲम्पच्या मागे ८ लिहिलंय तर ८ ओहमचा स्पीकर. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात, एकामागे एक जोडले तर १६. थोडा फरक ॲम्प बहुधा निभावून नेतो, पण मुद्दाम तसं चालवत राहण्यात फायदा काहीच नाही.

नॉब एकवर ठेवून "टोन कुठंय?" विचारणं

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला फेंडर चॅम्प हा या घराण्याचा मूळपुरुष. आत तीन ट्यूब: सिग्नल वाढवणारी पहिली १२एएक्स७, स्पीकरला ताकद देणारी शेवटची ६व्ही६ (पॉवर ट्यूब) आणि एसीचं डीसी करणारी ५वाय३ रेक्टिफायर. बाहेर आठ इंची स्पीकर आणि एकच व्हॉल्यूमचा नॉब. ना ट्रेबल, ना मास्टर. आजचे बरेच छोटे ॲम्प त्याच धर्तीवर बनतात, कुणी ६व्ही६ऐवजी ईएल८४ वापरतं एवढंच. अशा ॲम्पमध्ये लोकांना आवडणारी ती जाड, किंचित फाटलेली धार बरीचशी शेवटच्या ट्यूबवर भार आल्यावर येते. नॉबच्या पहिल्या टप्प्यात आवाज झपाट्याने वाढतो. अर्ध्याच्या पुढे आवाज फारसा वाढत नाही, फाटणं वाढतं. एकवर ठेवलेला ॲम्प बारीक आणि कोरडा लागणारच. ॲम्पमध्ये दोष नाही, त्याला अजून काम मिळालेलं नाही.

मग घरी करायचं काय? आधी फुकटचे उपाय. दोन इनपुट असतील तर "लो" वापरून बघा. तिथे सिग्नल साधारण निम्म्यावर येतो. ॲम्प जरा वर ठेवा आणि बाकी काम गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सोपवा. तो आठवर आणला की आवाज स्वच्छ होतो, दहावर नेला की धार परत येते. ही सवय एकदा बोटांना लागली की एकच नॉब कमी वाटत नाही. फाटका आवाज हवाय पण घर झोपलंय, तर आधी ओव्हरड्राइव्ह पेडल आणि ॲम्प खालीच. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांचं यात भागतं, आणि ते मान्य करायला लाज कसली!

ॲटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारी पेटी, हा पुढचा उपाय. तो ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो, त्याचेही ओहम जुळायला हवेत, आणि वॅटेज ॲम्पच्या वॅटेजपेक्षा चांगलं वर हवं. फार खाली दाबलं तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, कारण स्पीकर नीट हलतच नाही आणि कमी आवाजात आपल्या कानालाही खर्ज व तार स्वर कमी ऐकू येतात. शिवाय बाहेर आवाज कमी असला तरी आतली ट्यूब पूर्ण जोरावरच राबत असते, तेवढी लवकर झिजते.

पहिली ट्यूब बदलूनही गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरवता येतो. १२एएक्स७चा गेन फॅक्टर १००, १२एटी७चा ६० आणि १२एयू७चा सुमारे २०. तिघींच्या पिना सारख्या आहेत. पॉवर ट्यूबच्या बाबतीत मात्र हा खेळ नको. ६व्ही६च्या जागी ६एल६ सहज बसते, पण तिचा हीटर (ट्यूब तापवणारी तार) ०.४५ऐवजी ०.९ अँपिअर ओढतो आणि छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो. ५वाय३च्या जागी जीझेड३४ लावली तरी आतले व्होल्ट वाढतात. "बसतंय ना, मग चालतं" हा नियम इथे लागू नाही.

गुणगुण ऐकून लगेच ॲम्प उघडणं

एकच पॉवर ट्यूब असलेल्या ॲम्पमध्ये थोडी गुणगुण मुळातच असते. दोन ट्यूबच्या पुश-पुल रचनेत ती बरीचशी एकमेकींत रद्द होते, इथे ती सोय नाही. तेव्हा पेचकस बाजूला ठेवा आणि आधी नुसतं ऐका.

इनपुटमधून केबल काढा. गुणगुण गेली? मग कारण गिटार, केबल किंवा खोलीतलं काहीतरी. गिटारला सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर बसल्या जागी हळूहळू वळून बघा. एका दिशेला गुणगुण एकदम कमी होईल. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन पावलं लांब बसा, दिव्याचा डिमर बंद करा, फोनचा चार्जर काढा. केबल काढूनही गुणगुण राहिली तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तिच्यात काहीच फरक पडला नाही तर संशय पॉवर सप्लायवर, बहुधा वीज साठवून सपाट करणाऱ्या, म्हाताऱ्या झालेल्या फिल्टर कपॅसिटरवर. नॉबबरोबर कमी-जास्त होत असेल तर नॉबच्या आधीच्या, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या (प्रीअँपच्या) भागावर.

ठराविक स्वराला टणत्कार किंवा शिट्टी येत असेल तर ॲम्प चालू ठेवून पेन्सिलच्या लाकडी टोकाने ट्यूबवर अगदी हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून थोडा ठक आवाज येणं ठीक; घंटेसारखं घुमत राहिलं तर ती ट्यूब बदला. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. साफ करूनही तशीच राहिली तर नॉबपर्यंत डीसी पोहोचतोय, म्हणजे डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा एखादा कपलिंग कपॅसिटर गळतोय.

गिटारच्या तारांना हात लावल्यावर भणभण कमी होणं नेहमीचं आहे. हाताला झिणझिण्या येणं नाही. तसं झालं तर तिथेच थांबा आणि अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक आहेत. या लेखातली जीव घेऊ शकणारी चूक हीच. जुन्या दोन पिनांच्या ॲम्पला तीन तारांची वायर तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. अमेरिकेतून आलेला जुना ॲम्प असेल तर तो बहुधा ११०-१२० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

चॅसिस, म्हणजे आतले भाग बसवलेली धातूची पेटी, तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा लावा. तोही उडाला तर तिसरा लावू नका आणि जास्त अँपिअरचा तर नकोच. ॲम्प तंत्रज्ञाकडे न्या.

ट्यूबच्या रंगाला घाबरणं, आणि न घाबरणं

पॉवर ट्यूबच्या काचेवर निळसर झाक दिसते, ती निरुपद्रवी. आतल्या तंतूचा नारिंगी प्रकाशही हवाच. पण ट्यूबमधली बाहेरची करडी पत्र्याची प्लेट लाल व्हायला लागली तर स्वर पूर्ण होण्याची वाट न बघता बंद करा. ट्यूबच्या डोक्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर आत हवा शिरली, ट्यूब संपली.

नवी ट्यूब घालताना ॲम्प बंद, प्लग बाहेर आणि जुनी ट्यूब गार. १२एएक्स७च्या नऊ पिनांमध्ये एक मोकळी फट असते, ती सॉकेटशी जुळवून सरळ दाबा. तिरकी रेटली की पिन वाकते. काढतानाही हलकेच डुलवत सरळ वर ओढा. प्रीअँप ट्यूबला बायस (ट्यूबमधून किती वीज वाहावी याची बैठक) लावावं लागत नाही. चॅम्पच्या धर्तीचा ॲम्प कॅथोड बायसचा, म्हणजे बायस आपोआप जुळणारा असतो, त्यामुळे पॉवर ट्यूबही त्याच नंबरची बसवली की काम झालं. फिक्स्ड बायसच्या ॲम्पला मात्र नवी पॉवर ट्यूब घातल्यावर मोजमाप करून घ्यावं लागतं.