एका तासाचा वेस्टर्न कसा पाहावा

जॉन वेन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पोक्त, जरबी आवाजाचा, भव्य पडद्यावरचा माणूस. पण १९३९ च्या 'स्टेजकोच'ने नशीब उघडण्याआधी हा गडी कितीतरी वर्षं पाऊण-एक तासाच्या, किरकोळ खर्चातल्या काऊबॉयपटांत राबत होता. हॉलिवूडमध्ये त्यांना बी-वेस्टर्न म्हणत. आज यातला एखादा लावला तर दहाव्या मिनिटाला हसू येतं आणि विसाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो. कारण आपण गोष्ट शोधत बसतो, आणि गोष्ट तर तेव्हाच्या पोरासोरांनाही पाठ होती. इथे शोधायचं ते वेगळंच: पैसा कुठे वाचवलाय आणि तो वाचवताना कुणी काय शक्कल लढवलीय.

१. आधी हिशेब समजून घ्या

१९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटाला गल्ल्यातला टक्का मिळे, जोडीच्या दुय्यम चित्रपटाला ठरलेलं भाडं. म्हणजे सिनेमा डोक्यावर घेतला गेला तरी निर्मात्याच्या हातात पडणारी रक्कम साधारण तेवढीच. मग नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, खर्च कमी करा. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं: आठवड्याभरात उरकलेलं चित्रीकरण, तेच नट, तीच गल्ली, तोच सलून, म्हणजे दारूचा गुत्ता.

या धंद्यातल्या छोट्या कंपन्यांच्या वस्तीला 'पॉव्हर्टी रो' म्हणत, थेट दारिद्र्याची आळी. हॉलिवूडच्या गॉवर स्ट्रीट आणि सनसेट बुलेवार्डच्या चौकात घोड्यावर बसता येणारी माणसं दिवसाच्या कामासाठी ताटकळत उभी असत, आपल्याकडच्या मजूर अड्ड्यासारखी. त्या कोपऱ्याचं नाव 'गॉवर गल्च' पडलं. १९३५ मध्ये फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेचे मालक हर्बर्ट येट्स यांनी यातल्या काही कंपन्या एकत्र करून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली. त्यांच्या उधारीच्या वह्या येट्सकडेच होत्या, हे लक्षात घेतलं की ते विलीनीकरण किती राजीखुशीचं असेल याचा अंदाज येतो.

२. पहिला सिनेमा: 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३)

लोन स्टार या नावाखाली मोनोग्राम कंपनीने वेनला घेऊन जी मालिका काढली, त्यातला हा पहिला. खलनायकाच्या ताब्यात पाणी आहे आणि तो शेतकऱ्यांना नाडतोय. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. वेन इथे चक्क गातो. अर्थात आवाज दुसऱ्याचा आहे आणि तो इतका बेमालूम न जुळणारा आहे की एकदा ऐकाच. द्वंद्वाला निघालेला नायक रस्त्यातून संथपणे गात येतो, ते दृश्य हास्यास्पद आहे आणि तरी अंगावर येतं. दोन्ही एकदम कसं होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

३. प्रत तपासून घ्या

अनेक बी-वेस्टर्नच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण कुणी केलंच नाही, म्हणून ते इंटरनेट आर्काइव्ह आणि यूट्यूबवर फुकट सापडतात. पण तीन गोष्टी बघा. लांबी ५३-५४ मिनिटं दिसली तर जपून, कारण जीन ऑट्री, रॉय रॉजर्स या गाणाऱ्या काऊबॉय नटांचे कित्येक सिनेमे टीव्हीच्या एका तासात बसवण्यासाठी कापले गेले. (लोन स्टारचे मुळातच आखूड असतात, त्यांना ही कसोटी लावू नका.) रंगवलेली प्रत टाळा. आणि टापांच्या आवाजावर सिंथेसायझर वाजू लागला तर ती नंतर चिकटवलेली करामत आहे, दुसरी प्रत शोधा. मूळ सिनेमात पाठलागाला बहुतेक वेळा संगीतच नसतं. संगीतालाही पैसे पडतात.

४. आता थांबवत थांबवत पाहा

खडक. लॉस एंजेलिसच्या कडेला चॅट्सवर्थमध्ये आयव्हर्सन रँच होतं. तिथले गोलमटोल दगड इतक्या सिनेमांत आलेत की पाच-सहा पाहिल्यावर ते नातेवाइकांसारखे ओळखू येतात. थोडा जास्त पैसा असला की मंडळी उत्तरेला लोन पाइनच्या अलाबामा हिल्सला जात. मागे बर्फाचे डोंगर दिसले की समजावं, यंदा हात सैल होता. १९३९ मध्ये 'गंगा दीन'साठी याच टेकड्या हिंदुस्थानची वायव्य सरहद्द झाल्या होत्या.

रात्र. बहुतेक 'रात्री' भर दुपारच्या आहेत. कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेऊन किंवा लाल फिल्टर लावून आभाळ काळं केलेलं असतं. जमिनीवर घोड्याची कातीव सावली दिसली की चोरी पकडली.

उसनं चित्रण. वॉर्नरने १९३२-३३ मध्ये वेनचे सहा वेस्टर्न काढले ते केन मेनार्ड या काऊबॉय नटाच्या जुन्या मूकपटांतली महागडी दृश्यं पुन्हा वापरण्यासाठी. म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे आणि तसाच पांढरा घोडा दिला. 'द टेलिग्राफ ट्रेल'मध्ये अचानक शेकडो माणसं अवतरतात आणि जरा जास्तच चपळ हलतात, तेव्हा तुम्ही १९२७ सालात गेलेले असता. मूकपट कमी वेगाने चित्रित होत, बोलपटाच्या वेगाने दाखवले की माणसं पळतात.

मारामारी. इथे मात्र मन लावून बघा. पूर्वी ठोसे खांद्यावर मारत आणि ते खोटे दिसत. वेन, स्टंटमन याकिमा कनुट आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनी कॅमेरा अशा कोनात ठेवला की हनुवटीजवळून गेलेला ठोसा लागल्यासारखा वाटावा. आजही पडद्यावर असेच ठोसे मारतात. कनुटना पुढे मानद ऑस्कर मिळालं. 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या खाली पडणारा माणूस म्हणजे तेच.

हेच कनुट 'द स्टार पॅकर'मध्ये (१९३४) रंगरंगोटी करून 'याक' नावाचा रेड इंडियन झालेत. मूळ रहिवाशांचं असं चित्रण आज खटकतं आणि खटकायलाच हवं. या सिनेमांत खरा खलनायक मात्र बहुधा कोटवाला सावकार किंवा सलूनवाला असतो. हाणामारी त्याचे हस्तक करतात, त्यांना धंद्यात 'डॉग हेवी' म्हणत: येता-जाता कुत्र्यालाही लाथ घालणारे.

५. मग आडवाटा

ऑट्रीची 'द फँटम एम्पायर' (१९३५) ही बारा भागांची मालिका घ्या. गाणारा काऊबॉय, रेडिओ कार्यक्रम आणि जमिनीखाली यंत्रमानवांचं साम्राज्य! त्याच वर्षी मुंबईत वाडिया मूव्हिटोनची 'हंटरवाली' घोडा उधळत आली होती, तेव्हा हसण्याआधी आपल्या घरातही डोकवा. 'ओव्हरलँड स्टेज रेडर्स' (१९३८) मूकपटांची तारका लुईझ ब्रुक्सचा शेवटचा सिनेमा म्हणून पाहा. आणि हर्ब जेफ्रीजचा 'द ब्रॉन्झ बकारू' (१९३९) चुकवू नका. वेगळ्या थिएटरांत बसाव्या लागणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेला, कृष्णवर्णीय नटसंचाचा हा वेस्टर्न आहे. पांढरी टोपी म्हणजे नायक ही समजूत मोडायची असेल तर काळ्या कपड्यांतला काऊबॉय नायक हॉपलाँग कॅसिडी बघा.

६. शेवटी चाक शोधा

दिग्दर्शक जोसेफ लुइस कंटाळवाण्या दृश्यात कॅमेऱ्यासमोर गाडीचं चाक ठेवून त्याच्या आऱ्यांमधून चित्रण करत. सहकाऱ्यांनी त्यांना 'वॅगन-व्हील जो' नाव ठेवलं. १९५० च्या दशकात टीव्हीने बी-वेस्टर्नची मालिका बंद पाडली, पण लुइसनी १९५८ मध्ये आपला शेवटचा चित्रपट कृष्णधवलच काढला, 'टेरर इन अ टेक्सास टाउन'. त्यात नायक पिस्तुलवाल्यासमोर भर रस्त्यात देवमासे मारायचा भाला घेऊन उभा राहतो. हा सामना सुरुवातीलाच येतो आणि मग सिनेमा मागे जातो. तिथे थांबवा, चहा ठेवा, आणि परत लावाल तेव्हा चाक कुठे आहे तेवढं बघा.