जाहिरातीत एक, फ्लॅटमध्ये भलतंच: लिव्ह अँड लायसन्सवर घर घेणाऱ्यांनी काय करावं

जाहिरातीत 'कव्हर्ड पार्किंग, कॉर्पोरेशनचं पाणी, फुल फर्निश्ड' असतं. सामान उतरवल्यावर कळतं की पार्किंग सोसायटीने मालकाला दिलेलंच नाही, पाणी टँकरचं आहे आणि फोटोतलं वॉशिंग मशीन मालक घेऊन गेलाय. अशा वेळी तुमची बाजू किती भक्कम आहे हे दोन गोष्टींवर ठरतं: जाहिरातीतलं किती करारात उतरलंय आणि फरक दिसल्यावर तुम्ही किती लवकर लेखी कळवलंत.

थंब देण्याआधी

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी भाड्याने वापरायला देण्याचा, करार ऑनलाइन नोंदवणारा एजंट लॅपटॉप आणि बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो आणि पाच मिनिटांत अंगठे घेऊन जातो. मसुदा तेव्हा वाचण्यात अर्थ नसतो, तो आदल्या दिवशी मागून घ्या. बहुतेक मसुद्यांत 'लायसन्सीने जागा पाहिली असून ती समाधानकारक आहे' अशा अर्थाचं कलम असतं (लायसन्सी म्हणजे घर घेणारे तुम्ही). पुढे वाद झाला की मालक पहिलं बोट त्यावरच ठेवतो. ते काढून टाकायला मालक सहसा तयार होत नाही. त्यापेक्षा मिळकतीच्या वर्णनात आणि फर्निचरच्या परिशिष्टात नेमकं लिहून घ्या: पार्किंग क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापरता येणारी जागा), एसी आणि गीझर किती व चालू आहेत का, मेंटेनन्स कोण भरणार, पाणी कुठलं. 'फुल फर्निश्ड' या शब्दांना कोर्टात फारसं वजन नाही. 'एक डबल बेड गादीसह, एक फ्रिज, दोन सीलिंग फॅन' याला आहे.

जाहिरात काढून टाकायला मालकाला एक क्लिक पुरते. म्हणून टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देण्याआधीच तिचे पूर्ण स्क्रीनशॉट काढा, लिंक आणि तारीख दिसेल असे. ब्रोकरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन जपा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

क्षेत्रफळाची तक्रार मात्र जपून करा. जाहिरातीतले ८५० स्क्वेअर फूट सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती आणि जिना-लॉबीचा वाटा धरून, असतील तर कार्पेट ६०० च्या आसपास भरणं नेहमीचंच आहे. जाहिरातीत 'कार्पेट' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हा मुद्दा लंगडा पडतो.

कायदा कुठे साथ देतो

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणूक येते, कलम १८ मध्ये चुकीची माहिती. दोन्हींत कलम १९ प्रमाणे तुम्ही करार रद्द करू शकता, किंवा करार कायम ठेवून 'सांगितलं होतं तसं द्या' असा आग्रह धरू शकता. पण दोन अटी आहेत. त्या माहितीमुळेच तुम्ही करार केलेला असला पाहिजे. भिंतीचा रंग वेगळा निघाला म्हणून करार मोडत नाही. शिवाय माहिती चुकून दिली गेली असेल, किंवा मालक नुसता गप्प राहिला असेल, आणि साध्या चौकशीने खरं कळलं असतं, तर रद्द करण्याचा हक्क जातो. म्हणून सकाळी पाण्याच्या वेळी घर पाहा, नळ सोडा आणि पार्किंगबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. जाणूनबुजून सरळ खोटं सांगितलं असेल तर मालकाला ही पळवाट मिळत नाही.

जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, तर तो सांगणं भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे त्याचं कर्तव्य आहे. उघडी वायरिंग किंवा पडायला आलेला स्लॅब यात येतो.

मालकाने नोंदणी टाळून नुसता नोटरी करार केला असेल तर गाडी तुमच्या बाजूने वळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल तुम्ही म्हणाल ते धरलं जातं आणि ते खोडून काढणं मालकाच्या डोक्यावर येतं.

जाहिरातीत 'मेंटेनन्ससह भाडं' होतं आणि आता सोसायटीचे ना-वहिवाट शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं) तुमच्याकडे मागतायत? ते सोसायटी मालकाकडून घेते आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. करारात तसं कबूल केलं नसेल तर देऊ नका.

फरक दिसला की

पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हिडिओ काढा आणि व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल दोन्हींवर कळवा. तीन महिने निमूट राहून मग तक्रार केली तर 'तुम्ही मान्यच केलं होतं' हे ऐकावं लागतं. दाद लागली नाही तर पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवा. मजकूर साधा ठेवा:

'आपल्या दि. __ च्या जाहिरातीत कव्हर्ड पार्किंग असल्याचे नमूद होते. त्यावर विसंबून मी दि. __ रोजी करार केला. प्रत्यक्षात पार्किंग उपलब्ध नाही. १५ दिवसांत ते द्यावे, अथवा मासिक भाडे रु. __ ने कमी करून पुरवणी करार नोंदवावा. अन्यथा मी करार रद्द करत असून अनामत रु. __ परत करावी.'

भाडं थांबवू नका. राग आला की पहिलं सुचतं ते हेच, आणि मालकाला आयतं कारण मिळतं. 'आक्षेप राखून' असं लिहून बँकेतूनच भरा. लॉक-इनचं कलम (ठरावीक काळाआधी घर सोडता येणार नाही अशी अट) दाखवून मालक अनामत अडवायला बघेल. नोटिशीत करार चुकीच्या माहितीमुळे रद्द होतोय हे स्पष्ट लिहिलेलं असलं तर त्याला उत्तर देता येतं.

ब्रोकरने दलाली घेऊन खोटं सांगितलं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. तक्रार दोन वर्षांत करावी लागते, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. घरमालकाविरुद्ध तिथे जाणं मात्र बेभरवशाचं. निव्वळ जागा वापरायला देणं 'सेवा' आहे का, यावरच वाद रंगतो. अनामतीसाठी दिवाणी दावा असतो, मुदत साधारण तीन वर्षं. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तडजोडीचा अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो.

मालकच बनावट निघाला, टोकन घेऊन गायब झाला, तर नोटिशीच्या भानगडीत पडू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येतात.

घर सोडताना वीज मीटरचा आकडा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढा. चावी दिल्याची पोच सहीनिशी घ्या. मालक सही देत नसेल तर चावी द्यायला तयार असल्याचा ईमेल त्याच दिवशी पाठवा, म्हणजे पुढच्या महिन्याचं भाडं मागायला त्याला जागा उरत नाही.